‘येणार नाही’चं बटण

अहो, फुलं पडली, फुलं! माणूस तिकडं रागानं लाल होऊन ‘येणार नाही’ म्हणून बोट दाबतोय, आणि वरनं त्याच्या अंगावर... अंगावर म्हणजे मोबाईलच्या काचेवर हो... झेंडूची फुलं पडताहेत, आणि खाली अक्षरं येताहेत, ‘कळवल्याबद्दल मनापासून आभार’! मला सांगा, नवरीच्या सख्ख्या चुलत्याला कुणी असं म्हणतं का? दुश्मनाला तरी म्हणतं का? आणि वर आमचे चिरंजीव मलाच समजावतात, “मामा, दोन्ही बटणांना एकच कोड वापरलंय. वेगळं कशाला लिहायचं?” कशाला लिहायचं म्हणे... थांबा, थांबा. असं मधूनच सुरू केलं तर तुम्ही म्हणाल, नागेंद्रमामाला ऊन लागलं. पहिल्यापासनं सांगतो.

तर आशुतोष. माझा भाचा. बेळगावच्या खासबागेत माझ्या घरापासनं हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर राहतो. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीच्या वेबसाइटी करतो, घरात बसून, माडीवर. म्हणजे दिवसा पोटाचं काम आणि संध्याकाळी मनाचं. आणि मनाचं म्हणजे काय, तर ॲप. बारकी बारकी ॲपं. कुणी नुसतं तोंडातून काढायचा अवकाश की बाबा, अमक्याचा जरा त्रास होतोय, की हा डोळे बारीक करणार, मान हलवणार आणि म्हणणार, “सोपं आहे मामा. दोन संध्याकाळचं काम.” तुम्हाला सांगतो, या दोन संध्याकाळींनी आमच्या घराण्याला जेवढं छळलंय तेवढं साडेसातीनं कुणाला छळलं नसेल.

आता त्याची आई, म्हणजे माझी आक्का. ती बिचारी एकदा म्हणाली, टीव्ही बघताना कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात. संपलं! दोन संध्याकाळचं काम. मोबाईल कट्ट्यावर ठेवायचा, तो कान देऊन शिट्ट्या मोजणार, तीन झाल्या की बोंब मारणार. झाला तयार, झकास झाला, पण खासबागेतली घरं म्हणजे भिंतीला भिंत की हो, पलीकडं यशोदाबाईंचा कुकर, आणि मोबाईलला काय कळणार कुठली शिट्टी कुणाची? त्यांच्या दोन, आमची एक, झाल्या तीन, करा गॅस बंद. आठवडाभर आमचे दाजी, हरिभाऊ, कच्ची डाळ खात होते. मास्तरकी केलेला माणूस, सहनशक्ती दांडगी, ते आपले एवढंच म्हणायचे की डाळीला हल्ली दाताखाली जरा जास्त राहायची सवय लागलीय. मग याला वाईट वाटलं असेल असं वाटतं का तुम्हाला? हा यशोदाबाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्या कुकरची शिट्टी रेकॉर्ड करत बसला. ओळख पटवायला म्हणे, त्यांची शिट्टी जरा नाकातली आहे.

बरं, एवढं करून ही ॲपं वापरायचं कोण? कोणीच नाही. सगळे उघडतात, ‘वा वा, छान’ म्हणतात, आणि परत कधी हात लावत नाहीत. मी सुद्धा तेच करतो, खोटं कशाला बोलू. हा बिचारा माडीवर बसून बघत असतो, आज कितीजण आले माझ्या ॲपवर. एक आलेला असतो. तो हाच असतो.

आणि अशात ती नीलम आली. म्हणजे कशी, तर कॅम्पातल्या एका बारक्या शाळेची वेबसाइट यानं करून दिलेली, आणि तिथं ही मास्तरीण. एक दिवस तिचा फोन आला, “हजेरीच्या पानावरचं बटण माझ्या फोनवर अर्धंच दिसतंय, आणि खाली गेलं की परत वर येताच येत नाही.” आता आपल्या अशा चुका कुणी काढल्या असत्या तर तुमच्या-आमच्या कपाळाला आठी पडली असती. हा धावत माझ्याकडं आला, दम लागलेला, आणि म्हणाला, “मामा, तिनं उघडून बघितलं. खालपर्यंत गेली ती!” काय सांगू तुम्हाला, पोराच्या डोळ्यात पाणी. मला तिथंच कळलं की आमचा गडी गेला आता. आणि खरंच, चुका दुरुस्त करता करता दोघांचं असं काही जमलं, की पुढं शाळेची वेबसाइट एवढी बिनचूक झाली की दोघांना बोलायला निमित्त उरलं नाही, मग लग्नच ठरवावं लागलं.

नीलम उचगावची. शेतकरी घर. वडील जोतिबाआप्पा, माणूस सोन्यासारखा. जावई दिवसभर घरात बसून नक्की काय करतो हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण पोरगी खूश आहे ना, मग झालं. सुपारी फुटली, खासबागेतलं कार्यालय धरलं, दोन्हीकडची पंगत एकत्रच ठरली. आणि नेमके त्यातच आप्पा शेताच्या बांधावरनं घसरले. पाय प्लास्टरमध्ये. आता आवतान कोण देणार?

आवतान म्हणजे तुम्हाला सांगायला नको, पण आमच्या आशुतोषला सांगायला हवं होतं ना कुणीतरी! गावात पत्रिका म्हणजे आवतान नव्हे. पत्रिका नुसती भिंतीला अडकवायला. आवतान म्हणजे माणूस दारात यायला पाहिजे. त्यानं ‘बसत न्हाय, घाई हाय’ म्हणायचं आणि बसायचं. चहा ‘नको’ म्हणायचा आणि प्यायचा. मग सांगायचं, ‘चूलबंद आवतान हाय बरं का’, म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचं. मग समोरच्यानं म्हणायचं, ‘बघू की.’ मग आपण म्हणायचं, ‘बघू न्हाय, यायचंच.’ मग तो म्हणणार, ‘कामं लई हाईत, जमायचं न्हाय.’ हे ‘न्हाय’ ऐकून उठायचं नसतं, आता तर खरी सुरुवात असते. असं दोन-तीनदा झालं की मग ते पक्कं. पोस्टात जन्म गेला माझा, हजारो पत्रिका या हातानं वाटल्या, पण आवतान काही टपालानं जात नाही.

आणि आमचे चिरंजीव आप्पांच्या खाटेशी बसून काय म्हणाले? “आप्पा, तुम्ही पायाला आराम द्या. आवतानाचं सगळं माझ्याकडं लागलं.” आप्पांचा ऊर भरून आला. लग्नाआधी जावई सासऱ्याच्या भावकीत दारोदार फिरणार, असला जावई कुणाच्या नशिबी असतो? त्यांनी खाटेवरनं सगळ्यांना निरोप धाडले, जावई आवतान घेऊन येतोय. भावकीतल्या बायकांनी अंगणं झाडून घेतली, चहासाखर बघून ठेवली. आणि हा घरी येऊन मला म्हणतो, “सोपं आहे मामा. दोन संध्याकाळचं काम.” मला वाटलं, स्कूटर घेऊन जाणार असेल, दोन संध्याकाळी होईल की उचगाव. तो कशाला जातोय? तो माडीवर गेला.

ॲपचं नाव काढलं ‘या की’. नाव चांगलं होतं, नाही कुठं म्हणतोय मी. पहिल्याच पानावर तीन बटणं, मराठी, कन्नड, इंग्रजी. आता बेळगावात राहून कुठली भाषा वर आणि कुठली खाली हे ठरवायचं म्हणजे काय पोरखेळ आहे का? दोन संध्याकाळींतली एक तर त्यातच गेली. मग शेजारी शेजारी लावली, तर डावीकडं कुठली? शेवटी यानं असं केलं, की दर वेळी उघडलं की बटणांच्या जागा आपोआप बदलणार. म्हणजे कुणाचं कुणाला काही नको. आमची आक्का काल जिथं मराठी होतं तिथं आज बोट लावून कन्नडात शिरली आणि सगळं वाचूनही आली, तिला पत्ताच नाही. आपल्याकडं दोन्ही वाचतात हो माणसं, भांडतात ती फक्त पाटीवरनं.

पुढचं पान. दोघांचा फोटो, तारीख, कार्यालय, आणि खाली प्रश्न, ‘आपण येणार का?’ त्याच्या खाली दोन बटणं, हिरवं ‘येणार’, लाल ‘येणार नाही’. आणि त्याच्या खाली चौकट, ‘किती जण?’ दाजी चष्मा वर करून ते बघत बसले आणि हळूच म्हणाले, अरे, पाहुण्याला कुणी विचारतं का, तुम्ही किती? आचाऱ्याला अंदाज द्यायला लागतो, बाबा, असं याचं म्हणणं. पण कुठला पाहुणा आपण होऊन ‘आम्ही नऊ’ असं लिहील? आपल्याकडं माणूस अर्धी पोळी पाहिजे असली तरी ताटावर हात आडवा धरतो! झालं तसंच. सगळ्या खासबागेनं त्या चौकटीत लिहिलं, एक. यशोदाबाईंच्या घरात सात माणसं, लिहिलं एक. आशुतोष खूश, “मामा, बघा, लग्न आटोपशीर होणार.” दाजींनी गुपचूप आचाऱ्याला फोन करून सांगितलं, पोराकडनं आकडा आला तर नुसतं होय म्हणा.

आणि उचगाव? नीलमकडनं तिच्या माणसांचे नंबर घेतले, आणि एका झटक्यात सगळ्यांना धाडून दिलं. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना! नवरीचा नंबर त्यातच, नवरीच्या बापाचा त्यातच. तुम्हीच सांगा, नवरीला विचारलं की हो यानं, आपण येणार का? आणि ती पोरगी बघा, तिनं हसून ‘येणार’ दाबलं आणि चौकटीत एक लिहिलं. अशी सून मिळायला पुण्याई लागते.

पण त्यातच नंबर होता परशरामकाकांचा. परशराम म्हणजे जोतिबाआप्पांचा थोरला भाऊ, भावकीतला वडीलधारा माणूस, आवतान ज्याच्या नावानं द्यायचं त्यालाच हा विचारतोय, आपण येणार का? त्यांनी अंगणात खुर्ची टाकून ठेवलेली जावयासाठी, त्या खुर्चीत स्वतः बसून ते वाचलं, आणि दाबलं लाल बटण. आणि पडली फुलं. आणि ‘कळवल्याबद्दल मनापासून आभार’.

हा खाली माझ्याशेजारी जेवायला बसलेला. याच्या मोबाईलला यानं असं करून ठेवलेलं की कुणाचं उत्तर आलं की टुंग वाजणार. वाजलं टुंग. यानं बघितलं, परशराम, येणार नाही. याला काय वाटलं असेल? याला वाटलं, काकांना काम असेल. “कळवलं तरी त्यांनी, मामा. लोक कळवत पण नाहीत.” मी डोक्याला हात लावला. म्हटलं, अरे, थोरल्या चुलत्यानं नाही म्हटलंय आणि तू टुंग ऐकून जेवतोस काय? तर म्हणतो, नाही म्हटलंय ना, मग नाही. आणि तोवर दुसरं टुंग. आणि तिसरं. काका येत नाहीत म्हटल्यावर भावकी कशी येईल? आक्का चपात्या लाटायची थांबली. हा बघतोय, येणार नाही, येणार नाही, येणार नाही, आणि तिकडं प्रत्येकाच्या अंगावर फुलं टाकतंय याचं यंत्र. अख्खी भावकी फुलांत न्हाऊन रुसली की हो.

मग आला आप्पांचा फोन. आवाज चढवला नाही त्यांनी, चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, “पावनं, भावकी उभी न्हाय तर अक्षता कुणाच्या हातानं टाकू? जरा थांबवूया म्हणतो मी लगीन.” थांबवूया. आशुतोषचा चेहरा पांढराफटक पडला. काहीही म्हणा, पोरगं लबाड नाही. नीलम त्याचा जीव होती, आणि ती या लाल बटणापायी हातची चाललेली.

आणि यावर यानं काय केलं असेल? सांगा बघू. बरोबर. माडीवर गेला. खाली आला तो म्हणतो, “सोपं आहे मामा, आग्रह घातलाय त्याच्यात.” म्हणजे आता कुणी लाल बटण दाबलं तर लगेच नाही ऐकायचं. पहिल्यांदा म्हणणार, ‘असं कसं? या की!’ परत दाबलं तर, ‘काही ऐकायचं नाही, यायचंच!’ तिसऱ्यांदा दाबायला गेलं तर बटण बोटाखालनं पळून जाणार! मी दहादा दाबून बघितलं, खरंच पळतंय. क्षणभर मलाही वाटलं, पोरगं हुशार आहे... मग त्यानं ते नीलमला दाखवलं. ती म्हणाली, “चांगलंय. पण दाबणार कोण? सगळ्यांनी दाबून झालंय. एकदा दिलेलं उत्तर बदलता येत नाही असं तूच करून ठेवलंयस ना?” हा म्हणाला, होय. ती म्हणाली, “मी पण येणार दाबलंय, आणि ते बदलता येत नाही, म्हणून वाचलास. आता ते लॅपटॉप मीट आणि काकांच्या दारात जा.”

मग काय, निघालो. स्कूटर माझी, मागं हा. वाटेत मी शिकवत होतो, पहिलं नाही म्हणजे नाही नसतं, दुसरं नाही म्हणजे मान असतो, तिसऱ्याला धरून ठेवायचं. हा मागनं होय होय म्हणतोय. पोचलो. परशरामकाका अंगणात. आम्हाला बघून उठले नाहीत, पण खुर्ची पायानं पुढं ढकलली. म्हणजे दार उघडं होतं, कळलं ना? चहा आला. मी सुरुवात केली, काका, झालं गेलं, पोर नवं आहे, चूलबंद यायचं. काका म्हणाले, “मला जमायचं न्हाय.”

आणि हा उठला! तुम्हाला सांगतो, चहाचा कप खाली ठेवला आणि उठला. “बरं काका, येतो मग.” मी त्याचा शर्ट धरून खाली ओढला. काकांच्या घरातली माणसं दारातनं बघताहेत. मी म्हटलं, अरे, विचार की परत! तर हा तिथं, त्या अंगणात, सगळ्यांसमोर, खरं काय ते बोलायला लागला. म्हणाला, “काका, मला आग्रह करायला येत नाही. आमच्या कामात असं असतं, माणसानं एकदा नाही म्हटलं की परत विचारायचं नाही. परत परत विचारणारी वेबसाइट म्हणजे निर्लज्ज वेबसाइट. मी तशी कधी केली नाही.”

काका म्हणाले, “अन् आमच्यात परत न इच्यारणारा निर्लज्ज.” हा म्हणाला, “मला वाटलं, तुम्हाला खरंच यायचं नाही.”

“खरंच यायाचं नसतं, तर बटाण कशाला दाबलं असतं रं? गप बसलो असतो की.”

आमच्या साहेबांना इतक्या वर्षांत कुणी असं सांगितलंच नव्हतं. ‘नाही’ म्हणणारा माणूस दारात उभा राहून वाट बघत असतो, ही गोष्ट त्याच्या सगळ्या कोडात कुठं बसत नव्हती. काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “नीलम ल्हान असताना ताप आलता तिला. गाडी न्हवती त्या दिवशी. खांद्यावर टाकून कॅम्पातल्या डाक्टरपत्तूर चालत गेलतो मी. त्या पोरीच्या लग्नाला तू मला इच्यारतोस, येणार काय?” आणि आशुतोष, ज्याच्याकडनं मी वाटभर सगळी वाक्यं पाठ करून घेतलेली, ती सगळी विसरला, काकांच्या पायाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, “काका, या. तुम्ही नाही आलात तर लग्न नाही. खरंच नाही. या की.”

काका म्हणाले, “बघू की.”

यानं माझ्याकडं बघितलं, घाबरून. होय का नाही? मी म्हटलं, गाढवा, होय. तोवर काका टोपी घालून उभे राहिलेसुद्धा. म्हणाले, “चला, उठा, एकट्यानं फिरतासा व्हय भावकीत? घरं तरी म्हाईत हाईत का?” आणि ते पुढं, आम्ही मागं. दारोदार. प्रत्येक घरी चहा. नको म्हणायचा, प्यायचा. आणि आमच्या गड्याला असा काही सूर सापडला, की विचारू नका. पहिल्या दोन घरांत काका बोलले, तिसऱ्या घरापासनं हाच. ‘बघू न्हाय, यायचंच.’ ‘कामं असूं द्यात.’ एका घरी रवळू म्हणून एक साधा माणूस, तो पहिल्याच फटक्यात म्हणाला, येतो की. तरी हा सोडेना! “नाही, नाही, असं नाही, यायलाच पाहिजे.” रवळू म्हणतोय, अहो येतोय. हा म्हणतोय, काही ऐकणार नाही. शेवटी रवळूच्या बायकोनं मला बाजूला घेऊन विचारलं, पावनं बरं हाईत नव्हं?

आणि झालं लग्न. चूलबंद म्हटल्यावर चूलबंदच आले सगळे. ट्रॅक्टर भरून आले. परशरामकाकांनी अक्षता टाकल्या त्या अशा, की भटजींच्या चष्म्यात अडकल्या. आप्पा प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून रडत होते, नीलम हसत होती, आणि नवरदेव? नवरदेव पंगतीतनं फिरत होता. एकेकाच्या पानाशी वाकून, घ्या की, जिलेबी घ्या की, काही ऐकायचं नाही, अजून एक. लोक हात आडवा धरताहेत, हा हाताच्या फटीतनं वाढतोय. सगळं उचगाव कौतुक करत होतं, जावई शहरातला असून काय आगत आहे म्हणून. माझी मान एवढी वर झालेली. शेवटी शिकवलं कुणी?

मी वाढप्यांच्या मागं सकाळपासनं उभा. मामा ना मी, मामानं आधी कसं बसायचं? पंगतींवर पंगती उठल्या. अगदी शेवटच्या पंगतीला हा माझ्यापुढं येऊन उभा राहिला, मुंडावळ्या बाजूला करून म्हणाला, “मामा, बसा आता जेवायला.” पोटात कावळे ओरडत होते हो, पण लगेच बसलो तर काय दिसेल ते? मी म्हटलं, “नको रे, तुमचं चालू दे.”

“बरं, मामा,” म्हणाला, आणि माझं पान रवळूला वाढून टाकलं.

नंतर विचारलं त्याला, अरे, सगळ्या उचगावला आग्रह केलास, आणि मामाचं एक ‘नको’ धरून बसलास? तर माझ्या गळ्यात हात टाकून म्हणतो, “मामा, तुम्ही आपले. तुमच्यापुढं कशाला नाटक करायचं?” एवढं प्रेमानं म्हणाला की रागावताही येईना.

घरी आलो. बायको, विद्युल्लता, लग्नात राबून राबून दमलेली. तरी बिचारीनं विचारलं, “थोडा भात लावू का तुम्हाला?” आणि माझ्या तोंडातनं, काय करणार, जन्माची सवय, गेलंच, “नको.” ती “बरं” म्हणाली, आणि कूस बदलून झोपली की हो. मग काय... स्वयंपाकघरात गेलो, देवापुढची दोन केळी घेतली, स्वतःच स्वतःला दोनदा ‘नको’ म्हटलं, तिसऱ्यांदा आग्रह केला, आणि खाल्ली.